खरं नाव, चुकीचा खेळाडू: फुटबॉल गेममधल्या नावांच्या एका फाइलचं प्रकरण

हे प्रकरण फुटबॉलच्या एका व्हिडिओ गेममध्ये खेळाडूंची खरी नावं भरून देणाऱ्या हौशी गटाचं आहे. गेम, लीग, गट आणि खेळाडू यांची ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. गटाने त्या काळातली आपसातली चर्चा, फाइलच्या सगळ्या आवृत्त्या आणि ज्या तक्त्यावरून फाइल तयार व्हायची तो तक्ता मला वाचायला दिला. त्यावरून ही मांडणी केली आहे. मतं माझी आहेत.

पार्श्वभूमी

लीगचं नाव, क्लबचं नाव आणि चिन्ह, खेळाडूचं नाव आणि चेहरा या सगळ्यांचे हक्क वेगवेगळ्या हातांत असतात. गेम बनवणाऱ्या कंपनीला ते सगळे मिळतीलच असं नाही. फिफा २० या गेममध्ये इटलीच्या युव्हेंटस क्लबचं नाव पिएमोंते काल्चो झालं, कारण क्लबचे हक्क प्रतिस्पर्धी कंपनीने घेतले होते. मैदानावरचे खेळाडू मात्र खऱ्याच नावांचे होते. ब्राझीलच्या क्लबांचं त्याच मालिकेत काही वर्षं नेमकं उलटं होतं: क्लब खरे, खेळाडू रचलेले. तिथे खेळाडूंचे हक्क संघटनेकडून एकगठ्ठा मिळत नाहीत, एकेकाशी बोलावं लागतं.

जर्मनीत गोलरक्षक ऑलिव्हर कानने आपलं नाव परवानगीशिवाय गेममध्ये घातल्याबद्दल दावा लावला आणि २००३ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. फुटबॉल मॅनेजर या गेममध्ये जर्मनीचा राष्ट्रीय संघ पुढे कितीतरी वर्षं बनावट खेळाडूंनी भरलेला असायचा. एक छोटी फाइल काढून टाकली की संघात खरे खेळाडू येतात, हे चाहत्यांनी लवकरच शोधून काढलं. प्रो इव्होल्यूशन सॉकर ही गेममालिका खेळलेल्यांना ‘रॉबर्टो लारकोस’ (म्हणजे रॉबर्टो कार्लोस) आठवत असेल, आणि नेदरलँड्सच्या संघात नावांऐवजी ‘ऑरेंजेस’ आणि पुढे आकडे, हेही. त्याच मालिकेने एडिट मोड, म्हणजे खेळणाऱ्याला नावं वगैरे बदलण्याची सोय, दिली. प्लेस्टेशन ४ वर तर ठरावीक नावाचं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवलं की इतरांनी केलेलं काम थेट आत घेता यायचं. या फाइलींना सगळेच ‘ऑप्शन फाइल’ म्हणतात.

आपला गट या परंपरेतला. लीग वीस संघांची, गेममध्ये परवान्याविना आलेली, म्हणजे खेळाडू साधारण पाचशे आणि सगळ्यांची नावं बनावट. पण बनावट म्हणजे वाटेल तसे खेळाडू नव्हेत. उंच सेंटर बॅकच्या (मधल्या बचावपटूच्या) जागी तितकाच उंच सेंटर बॅक, डावखुऱ्या विंगरच्या (कडेने खेळणाऱ्या आक्रमकाच्या) जागी डावखुराच विंगर. खरा संघ माहीत असणाऱ्याला कोण कोणाच्या जागी आहे ते बहुतेकदा ओळखता यायचं. गट तेच काम करत होता: ओळख पटवायची, नाव भरायचं, फाइल बांधायची आणि फुकट वाटायची.

काम मन लावून होत होतं. नुसतं पूर्ण नाव भरून भागत नाही. जर्सीवरचं नाव वेगळं, कॉमेंट्रीत घेतलं जाणारं नाव वेगळं, आणि ते कॉमेंट्रीतलं नाव गेममध्ये आधीच ध्वनिमुद्रित असलेल्या यादीतूनच निवडावं लागतं. हावियर एर्नांदेस जर्सीवर ‘चिचारितो’ लिहितो. सन ह्युंग-मिनचं ‘सन’ हे आडनाव आहे, ते पहिलं आलं म्हणून पहिलं नाव ठरत नाही. ब्राझीलच्या खेळाडूला सगळं जग ज्या नावाने ओळखतं ते त्याच्या जन्मदाखल्यावर बहुधा सापडणारच नाही. आडनावावरचं चिन्ह गाळलं की उच्चारच बदलतो. या बाबींवर गटाने केलेल्या लांबलचक चर्चा मी वाचल्या, आणि त्या वाचताना या लोकांबद्दल आदर वाटला. कोणाला कुठल्या नावाने हाक मारायची याचा इतका विचार कोणी पैसे न घेता करतं, ही छोटी गोष्ट नाही.

सगळं काम एका तक्त्यातून चालायचं. प्रत्येक खेळाडूला गेममध्ये एक अंतर्गत क्रमांक असतो. तक्त्यात पहिला रकाना तो क्रमांक, मग बनावट नाव, खरं नाव, जर्सीवरचं नाव, कॉमेंट्रीतलं नाव आणि शेवटी ‘कुठून घेतलं’. एका साधनाने हा तक्ता फाइलीत ओतला जायचा. साधन फक्त क्रमांक बघायचं. त्या क्रमांकावरचं जुनं नाव काय आहे, हे तपासायचं नाही. बनावट नावाचा रकाना माणसांना वाचायला सोयीचा म्हणून ठेवलेला होता, इतकंच.

अडचण

हंगामाच्या मध्यावर, ट्रान्सफरची (खेळाडूंनी क्लब बदलण्याची) मुदत संपल्यानंतर, कंपनीने गेमच्या डेटाचं अपडेट दिलं. परवाना नसलेल्या लीगमध्येही तिने बदल केले. काही बनावट खेळाडू काढून टाकले, काही नवे घातले. नव्यांना काढलेल्यांचे रिकामे क्रमांक मिळाले. काही संघांत तर क्रमांकांची अदलाबदलही झाली.

गटाने तक्त्यात ट्रान्सफरची भर घातली आणि दोनच दिवसांत नवी आवृत्ती वाटायला काढली. तपासणी नेहमीसारखीच झाली: गेम उघडायचा, संघ बघायचे, कुठे बनावट नाव उरलंय का ते शोधायचं. एकही उरलं नव्हतं. सगळीकडे खरीच नावं दिसत होती, त्यामुळे फाइल ठीक आहे असंच वाटलं. जे नाव दिसतंय ते योग्य माणसावर बसलंय का, हा प्रश्न त्या तपासणीत नव्हताच.

पहिल्या तक्रारी ढोबळ होत्या. एका संघाच्या गोलमध्ये बुटका विंगर उभा आहे. एका अनुभवी कर्णधाराचं वय अठरा दाखवतंय. फाइल बांधणाऱ्याने त्याच संध्याकाळी अशा सगळ्या चुका हाताने दुरुस्त केल्या आणि फाइल पुन्हा चढवली. दुसऱ्या दिवशी आणखी तक्रारी, आणखी दुरुस्त्या. तिसऱ्या दिवशी तक्रारी कमी झाल्या आणि गटाला हायसं वाटलं.

मग एक निरोप आला. लिहिणाऱ्याने सांगितलं की त्याचा भाऊ त्या लीगमध्ये खेळतो, राखीव मिडफिल्डर आहे, फारसा कोणाला माहीत नाही. फाइलमध्ये त्याचं नाव दुसऱ्याच क्लबमध्ये, दुसऱ्याच माणसावर होतं. त्या क्लबशी त्याच्या क्लबचं जुनं वैर. घरातल्या लहान मुलांनी गेममध्ये काकाला शोधलं आणि तो त्यांना तिथे सापडला. निरोपात राग नव्हता. मागणी एका ओळीची होती: नाव घालायचं तर त्याच्याच खेळाडूला घाला, नाहीतर घालू नका.

गटातल्या एकाने तो खेळाडू तक्त्यात काढून पाहिला. ज्या क्रमांकावर नाव बसलं होतं तो खेळाडूही मिडफिल्डरच होता. वय जवळपास तेच, उंचीत दोन सेंटिमीटरचा फरक. या चुकीची तक्रार सर्वसाधारण खेळणाऱ्याकडून कधीच आली नसती. तक्रारी कमी का झाल्या होत्या, ते आता कळलं: नजरेत भरणाऱ्या चुका संपल्या होत्या. उरलेल्या चुका उरलेल्याच होत्या, आणि किती हे कोणालाच माहीत नव्हतं.

पर्याय

गटात तीन दिवस वाद झाला. वाद कटू नव्हता, पण मतं खरोखर वेगळी होती.

पहिलं मत: चालू फाइल तशीच ठेवायची आणि तक्रार येईल तसं दुरुस्त करायचं. बाजू मांडणारा म्हणाला की नव्वद टक्क्यांहून जास्त नावं बरोबरच असणार, तेवढ्यासाठी सगळ्यांकडून फाइल काढून घेणं अन्याय होईल. हा आकडा त्याने अंदाजाने सांगितला होता आणि तो खोडून काढायला कोणाकडेही काही नव्हतं. मला इथेच या मताची खरी कमजोरी दिसते. चूक किती आहे ते सांगणारी कुठलीच सोय हाती नसताना ‘थोडीच असेल’ हे गृहीत धरलं गेलं.

दुसरं मत: फाइल मागे घेऊन जुनी आवृत्ती पुन्हा द्यायची. हे सोपं वाटतं, पण जुनी आवृत्तीही क्रमांकांवरच चालायची आणि अपडेट झालेल्या गेममध्ये तीही तशीच चुकली असती. हा पर्याय अर्ध्या तासात बाद झाला.

तिसरं मत: फाइल मागे घ्यायची आणि सगळे पाचशे खेळाडू पुन्हा पहिल्यापासून जुळवायचे. यात काही आठवडे जाणार होते आणि हंगाम हातचा निघून जाणार होता.

चौथं मत एका नव्या सदस्याचं. जुळवणी पुन्हा करायचीच, पण जिथे खात्री नाही तिथे कंपनीचं बनावट नाव तसंच ठेवायचं. यावर सगळ्यात जास्त विरोध झाला. निम्मा संघ खऱ्या नावांचा आणि निम्मा बनावट, असं दिसलं तर लोक म्हणणार फाइल अर्धवट आहे. इतकी वर्षं गटाची ओळख ‘एकही बनावट नाव नाही’ हीच होती.

मला हा वाद या प्रकरणाचा गाभा वाटतो. बनावट नाव कोणाचंच नसतं, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. चुकीच्या जागी बसलेलं खरं नाव मात्र एका खऱ्या माणसाबद्दल खोटं सांगतं: तो कुठे खेळतो, किती वेगाने धावतो, कसा दिसतो. फाइलची पूर्णता मोजताना गट ‘किती बनावट नावं उरली’ हे मोजत होता. त्या मोजपट्टीवर चुकीचं खरं नाव यश म्हणून नोंदलं जात होतं.

काय केलं

फाइल मागे घेतली. सोबत साधी सूचना लावली: अपडेटनंतर काही नावं चुकीच्या खेळाडूंवर गेली आहेत, नेमकी किती ते आम्ही तपासतो आहोत, तोवर फाइल वापरू नका. काही जण चिडले. बहुतेकांनी वाट पाहिली. निरोप लिहिणाऱ्याला स्वतंत्र उत्तर गेलं, त्यात काय झालं ते स्पष्ट सांगितलं आणि पुढच्या आवृत्तीपूर्वी त्याच्या भावाचं नाव कुठे बसवलंय ते त्याला दाखवलं.

मग जुळवणी. चौथं मत मान्य झालं, पण ‘खात्री’ म्हणजे काय हे आधी ठरवावं लागलं. गटाने पाच खुणा घेतल्या: जागा, उंची, वापरता पाय, वय, राष्ट्रीयत्व. क्लबच्या अधिकृत यादीशी यांतल्या किमान चार जुळल्या तरच खरं नाव भरायचं. जर्सीचा क्रमांक मुद्दामच बाहेर ठेवला, कारण तो दर हंगामात बदलू शकतो आणि बनावट संघात कंपनी तो कधी पाळते, कधी नाही. प्रत्येक संघ दोघांनी एकमेकांचं न बघता जुळवायचा. दोघांचं उत्तर वेगळं आलं तर तिसऱ्याकडे जायचं, आणि तिसऱ्यालाही ठरवता आलं नाही तर बनावट नाव राहू द्यायचं.

एका संघाचं काम मी ओळीओळीने पाहिलं. दोन सेंटर बॅक, दोघेही त्याच देशाचे, दोघेही उजव्या पायाचे, वयात एका वर्षाचा फरक. खऱ्या संघातही तसेच दोघे. पहिल्याने एक जोडी लावली, दुसऱ्याने बरोबर उलटी. तिसऱ्याने हेडिंगचे गुण पाहिले, कारण खऱ्या दोघांतला एक कॉर्नरवर गोल करण्यासाठी ओळखला जातो. पण गेममध्ये दोघांचे हेडिंगचे गुण जवळपास सारखेच निघाले. त्याने तक्त्यात लिहिलं, ‘ठरत नाही’, आणि दोन्ही बनावट नावं ठेवली. पूर्वीच्या पद्धतीत इथे कोणीतरी अंदाजाने जोडी लावून मोकळं झालं असतं.

एक गुंता वेगळाच निघाला. राष्ट्रीय संघांकडून खेळणारे काही खेळाडू गेममध्ये त्यांच्या देशाच्या संघात खऱ्या नावाने आधीच होते, आणि क्लबमध्ये त्यांच्या जागी बनावट प्रतिकृती. प्रतिकृतीला खरं नाव दिलं की एकाच नावाचे दोन खेळाडू. गटाने अशा ठिकाणी प्रतिकृती बाजूला काढून खरा खेळाडूच क्लबमध्ये आणला.

साधनातही बदल केला. आता कुठल्याही क्रमांकावर नाव लिहिण्याआधी ते तिथलं चालू नाव तक्त्यातल्या बनावट नावाशी ताडून पाहतं. नाव जुळलं तर पुढे, नाहीतर तो खेळाडू सोडून द्यायचा आणि यादीत टाकायचा. इतके दिवस निव्वळ सोयीसाठी असलेला तो रकाना आता कुलपासारखा वापरला जाऊ लागला. बदल करायला एकाला एक संध्याकाळ लागली.

वाटेतले दोन छोटे निर्णय

फाइल बंद असतानाच एका वापरकर्त्याने पैसे देऊ केले: नवी आवृत्ती त्याला आधी मिळावी. गटाने नकार दिला आणि तो योग्यच होता. मँचेस्टर युनायटेडने फुटबॉल मॅनेजरच्या निर्मात्यांवर केलेला दावा २०२० मध्ये जगजाहीर झाला. त्यात मुख्य मुद्दा क्लबच्या नावाचा होता, पण बाहेरच्यांनी बनवलेल्या पॅचचाही, म्हणजे गेममधली नावं-चिन्हं बदलणाऱ्या फाइलींचाही, उल्लेख होता. पुढे तडजोड झाली आणि २०२२ च्या आवृत्तीपासून गेममध्ये ‘मॅन यूएफसी’ आलं. चाहत्यांचं काम कोणाच्याच नजरेत येत नाही, या भरवशावर कोणी राहू नये. फुकट वाटल्याने परवाना मिळत नाही हे खरंच आहे, पण दुसऱ्याच्या नावावर पैसे घेणं ही निराळीच पायरी आहे.

दुसरा निर्णय अठरा वर्षांखालच्या खेळाडूंचा. काही बनावट खेळाडू अकादमीतल्या मुलांवर बेतलेले दिसत होते. ज्यांनी वरिष्ठ संघातून एकही सामना खेळलेला नाही त्यांची नावं भरायची नाहीत, असं ठरलं. यावर फारशी चर्चा झाली नाही.

परिणाम

नवी आवृत्ती हंगाम संपत आला तेव्हा आली. सुमारे दहापैकी एका खेळाडूला बनावट नाव राहिलं. ‘अर्धवट’ अशी टीका झाली, पण गटाला भीती होती तेवढी नाही. फाइलसोबत तक्ताही खुला केला होता. त्यामुळे एक गोष्ट घडली जी कोणी योजली नव्हती: त्या लीगचे सामने नेमाने बघणाऱ्यांनी ‘ठरत नाही’च्या नोंदी एकेक करून सोडवायला घेतल्या. कोणी सामन्याचे फोटो दाखवले, कोणी क्लबचं अधिकृत पान. वर उल्लेख केलेल्या सेंटर बॅकची जोडी अशीच सुटली: गेममधल्या एकाच्या डाव्या मनगटावर पट्टी होती आणि खऱ्या दोघांतला एकच ती बांधतो.

मिडफिल्डर त्याच्या क्लबमध्ये परतला. भावाने आभार मानले.

एक नुकसान भरून आलं नाही. या गेममध्ये करिअर मोड (एक संघ घेऊन हंगामामागून हंगाम खेळणं) सुरू करताना खेळाडूंची नावं त्या सेव्हमध्ये, म्हणजे जपून ठेवलेल्या खेळात, उतरतात आणि पुढे फाइल बदलली तरी सेव्हमधली तशीच राहतात. चुकीची आवृत्ती घेऊन ज्यांनी करिअर सुरू केलं त्यांच्याकडे ती नावं अजूनही तशीच असतील. गटाने मागे घेण्याची सूचना लावली तेव्हा हे तिच्यात लिहिलं नव्हतं. दहा दिवसांनी लिहिलं. त्या दहा दिवसांत किती जणांनी सेव्ह पुढे नेले असतील, सांगता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नाव ताडून पाहण्याची सोय साधनात पहिल्यापासून असायला हवी होती, हे उघड आहे. पण केवळ साधनाला दोष देऊन सोडून द्यावं असं मला वाटत नाही. ‘कुठून घेतलं’ हा रकाना पहिल्या हंगामात भरलेला दिसतो, दुसऱ्यात निम्मा रिकामा, तिसऱ्यात जवळजवळ कोराच. म्हणजे चूक झाल्यावर मूळ जुळवणी कशावरून केली होती हे कळायचा मार्गच उरला नव्हता. तो रकाना भरलेला असता तर पाचशे खेळाडू पुन्हा जुळवावे लागले नसते, अपडेटमध्ये हललेले तेवढेच पुरले असते.

पहिल्या तीन दिवसांतली घाईची दुरुस्तीही टाळता आली असती. पहिली ढोबळ चूक दिसली तेव्हाच, ती कशी झाली, असं विचारायला हवं होतं. गोलमध्ये विंगर उभा राहतो तेव्हा क्रमांक हलले आहेत हे कळायला वेळ लागत नाही, आणि क्रमांक हलले असतील तर न दिसणाऱ्या चुकाही असणारच. फाइल तेव्हाच मागे घेतली गेली असती, तर वाया गेलेले सेव्ह कितीतरी कमी असते.

अठरा वर्षांखालच्यांचा नियमही मला अपुरा वाटतो. वरिष्ठ संघातून एक सामना खेळला की नाव भरता येतं, असं आज ठरलेलं आहे. सोळाव्या वर्षी पाच मिनिटांसाठी बदली म्हणून उतरलेल्या मुलाला हाच नियम लावायचा का, यावर गटात एकमत नाही. मी त्यांना सुचवलं आहे की क्लबने त्या हंगामाच्या वरिष्ठ यादीत नाव घातल्याशिवाय भरू नये. पुढच्या अपडेटआधी ते यावर ठरवणार आहेत.